गोरज मुहूर्त, वर उघडं आभाळ आणि डीएसएलआरचा फ्लॅश: एका लग्नाचं प्रकरण

डिसेंबरातलं लग्न, नाशिकजवळचं एक लॉन्स, मुहूर्त गोरज, ६ वाजून १० मिनिटं. लग्नाची फोटोग्राफी करणाऱ्याला एवढ्यावरूनच अंदाज येईल की अडचण कुठे आहे. त्या दिवसांत नाशिकला सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो, म्हणजे मंगलाष्टकं सुरू होताना आभाळात बऱ्यापैकी उजेड असतो आणि अंतरपाट खाली येईपर्यंत तो पार उतरलेला असतो, दर चार-पाच मिनिटांना साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) असा. डोळ्याला हे फारसं जाणवत नाही कारण डोळा जुळवून घेतो, पण कॅमेऱ्याला दोन स्टॉप म्हणजे चौपट फरक. त्यात लॉन्स, म्हणजे वर छत नाही आणि बाजूला भिंत नाही, फ्लॅश बाउन्स करायचा, म्हणजे कशावर तरी आपटून परत आणायचा, तर कशावर करायचा?

त्याच दिवशी दुपारी सीमंतपूजन आत हॉलमध्ये झालं, तिथे पीओपीचं पांढरं सिलिंग होतं, फ्लॅशचं तोंड वर आणि थोडं मागे वळवलं, टीटीएल (कॅमेरा स्वतः मोजून फ्लॅशची पॉवर ठरवतो तो मोड) लावलं आणि निवांत काम झालं. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे बहुतेक जण फ्लॅश शिकतात ते याच सिलिंगखाली, आणि मग तीच सवय घेऊन उघड्यावर जातात. फ्लॅशचं तोंड आभाळाकडे, डोक्यावर पांढरी प्लास्टिकची टोपी, हे दृश्य प्रत्येक लॉन्सवर दिसतं. आभाळ काही परत पाठवत नाही हो! त्या टोपीतून चारी दिशांना उजेड जातो त्यातला थोडासा समोर येतो, बाकी सगळी बॅटरी वाया. आणि उजेड मऊही होत नाही, कारण मऊपणा ठरतो तो उजेडाचा स्रोत माणसाच्या मानाने केवढा दिसतो त्यावर, आणि तीन मीटरवरून ती टोपी तेवढीच चिमुकली दिसते जेवढा नुसता फ्लॅश. सिलिंग असतं तेव्हा सगळं सिलिंगच दिवा होतं, म्हणून तिथे ते जमतं.

आता सामान काय होतं ते सांगून टाकतो. मुख्य बॉडी निकॉन डी७५०, त्यावर २४-७० लेन्स. दुसरी बॉडी डी७२००, तिच्यावर एक एसबी ७०० फ्लॅश थेट हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत. दुसरा एसबी ७०० मोनोपॉडच्या (हातात धरायच्या एकपायी दांड्याच्या) टोकाला ४३ इंची पांढऱ्या छत्रीसकट, उजेड छत्रीतून आरपार जाईल असा. तिसरा एक साधा मॅन्युअल योंगनुओ ५६०, मागच्या बाजूसाठी. दूरचे फ्लॅश उडवणारा ट्रिगर गोडॉक्सचा, दोन्ही दूरच्या फ्लॅशना रेडिओ रिसीव्हर. योंगनुओला स्वतःचा ऑप्टिकल स्लेव्ह आहे, दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून तो आपोआप उडतो, मग रिसीव्हर कशाला असं सोबतच्या पोराने विचारलं. कारण लग्नात आपण एकटे नसतो. मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा, त्याचा फ्लॅश, पाहुण्यांत कोणा हौशी काकांचा कॅमेरा, प्रत्येकाच्या चमकेला आपला मागचा फ्लॅश उडत बसला तर आपल्या फोटोच्या वेळी तो चार्जिंगमध्ये अडकलेला असणार. शिवाय टीटीएलवाले फ्लॅश खऱ्या चमकेच्या आधी एक छोटी मोजणीची चमक टाकतात, तिलाही तो फसतो. त्यावर उपाय म्हणून एस२ मोड असतो तो पहिली चमक सोडून देतो, पण आपण मॅन्युअल आणि शेजारचा टीटीएल अशी मिसळ झाली की त्याचाही काही भरवसा नाही. रेडिओ लावा, विषय संपला.

मुख्य निर्णय होता तो बोहल्यावर मॅन्युअल फ्लॅश लावायचा, म्हणजे पॉवर आपण हाताने ठरवायची. यावर बरेच जण नाक मुरडतात, "लग्नात एवढी धावपळ, मॅन्युअल कुठे करत बसायचं" म्हणून. पण नीट बघितलं तर अख्ख्या लग्नात एकच जागा अशी आहे जिथे कोणी हलत नाही, आणि ती म्हणजे बोहला. नवरा-नवरी पाटावर उभे, समोर अंतरपाट, मागे मामा, करवल्या, लामणदिवा. सात-आठ मिनिटं, कधी दहा मिनिटं सगळे जागच्या जागी. माणूस हलत नाही म्हणजे फ्लॅश ते चेहरा हे अंतर बदलत नाही, आणि अंतर बदलत नाही म्हणजे एकदा लावलेली पॉवर शेवटपर्यंत बरोबर राहते. टीटीएल हे अंतर बदलतं तेव्हासाठी आहे. जिथे ते बदलतच नाही तिथे टीटीएल लावलं की ते उगाच प्रत्येक फ्रेमला नव्याने विचार करतं, आणि बोहल्यावर त्याला चकवणाऱ्या गोष्टी ढीगभर असतात: पांढराशुभ्र अंतरपाट, मोत्यांच्या मुंडावळ्या, शालूची जर, पांढरे फेटे. फ्रेममध्ये अंतरपाट जास्त आला की टीटीएलला वाटतं उजेड फार झाला, ते पॉवर कमी करतं, चेहरे काळवंडतात. पुढच्या फ्रेमला जरा झूम केलं, नवऱ्याची काळी शेरवानी जास्त आली, की चेहरे पांढरेफटक. मग घरी बसून चारशे फोटो एकेक करून सारखे करत बसा.

पॉवर किती लावायची त्याचं गणित सोपं आहे आणि ते मी मोबाईलवर आधीच करून नेलं होतं. एसबी ७०० चा गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) ३५ मिमी झूमला, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) १०० ला २८ मीटर. गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर, एवढंच सूत्र (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं तो एफचा आकडा). छत्री नवरा-नवरीपासून ४ मीटरवर धरली तर २८ भागिले ४, म्हणजे पूर्ण पॉवरला एफ ७. मला आयएसओ ८०० वर काम करायचं होतं, म्हणजे तीन स्टॉप वर, तर तेच पूर्ण पॉवरला साधारण एफ २० झालं. मला हवा एफ ४, म्हणजे हातात साडेचार स्टॉपपेक्षा थोडा जास्त उजेड शिल्लक. त्यातले दोन स्टॉप छत्री खाणार, अर्धा स्टॉप रंगीत जेल (फ्लॅशच्या तोंडावर लावायचा पारदर्शक रंगीत कागद) खाणार, उरले दोन. दोन स्टॉप कमी म्हणजे चतुर्थांश पॉवर. जागेवर जाऊन पोराला पाटाजवळ उभं करून बघितलं तर १/४ लाच बरोबर बसलं. जुन्या फिल्मवाल्या लोकांना हे सगळं तोंडपाठ असायचं, फ्लॅशच्या पाठीवर अंतराचा तक्ता छापलेला असायचा आणि ते लोक पावलं मोजून अ‍ॅपर्चर लावायचे. स्क्रीन आली आणि ही मोजणी सुटली, पण स्क्रीनवर बघून पॉवर ठरवायला आधी दहा फोटो वाया घालवावे लागतात आणि लॉन्सच्या उन्हात ती स्क्रीन नीट दिसतही नाही. आकडा डोक्यात असला की पहिलाच टेस्ट शॉट जवळपास बरोबर येतो.

चतुर्थांश पॉवरच का, ISO कमी ठेवून पूर्ण पॉवर का नाही, हाही प्रश्न येतो. पूर्ण पॉवरला एसबी ७०० ला परत भरायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात, बॅटरी थकली की त्याहून जास्त. अंतरपाट खाली येतो तेव्हा अडीच सेकंदात सगळं होऊन गेलेलं असतं. चतुर्थांशला कपॅसिटरमध्ये लागोपाठ तीन-चार चमकांइतका साठा असतो. म्हणून आयएसओ ८००, आणि डी७५० ला आयएसओ ८०० म्हणजे काहीच नाही. सेल निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबलच घ्यावेत, अल्कलाइन सेल कागदावर १.५ व्होल्टचे आणि हे १.२ चे, तरी एकदम जास्त करंट द्यायची वेळ आली की अल्कलाइन दमतात आणि हे देतात. आणि फ्लॅशचा स्टँडबाय बंद करायला विसरू नका, रिसीव्हरवरचा फ्लॅश झोपी गेला की ऐन "सावधान"ला काळोख.

आता शटरकडे येतो, कारण या प्रकरणाचा जीव इथे आहे.

एसएलआरमध्ये सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून येऊन बंद करतो. शटर स्पीड वाढवत गेलं की एक वेळ अशी येते की पहिला पूर्ण उघडायच्या आतच दुसरा निघतो, आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅशची चमक क्षणात होते, ती त्या फटीपुरतीच पडणार, बाकी फोटो काळा. ज्या स्पीडपर्यंत सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा असतो तो सिंक स्पीड, डी७५० ला १/२००, काही बॉडीजना १/२५०. त्याच्या वर जायचं तर हायस्पीड सिंक आहे, त्यात फ्लॅश एकदा जोरात उडण्याऐवजी भराभर लुकलुकत राहतो, पण त्यात दोन स्टॉप किंवा जास्तच ताकद जाते, छत्रीतून तर काही उरत नाही. तो मार्ग इथे नको होता.

पण सिंक स्पीडच्या खाली एक मस्त गोष्ट मिळते. फ्लॅशची चमक १/१००० सेकंदात किंवा त्याहून लवकर संपते. शटर १/२०० असो की १/५०, चमक दोन्हीत पूर्णच मावते, तिला काही फरक पडत नाही. म्हणजे चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड ठरतो तो अ‍ॅपर्चर, आयएसओ, पॉवर आणि अंतर यांवर. शटर फक्त बाकीच्या उजेडासाठी, म्हणजे आभाळ, माळा, दिवे, मागची झाडं. फोटो एकच पण त्यात दोन वेगळी एक्सपोजर चाललेली असतात आणि त्यातलं एक एकट्या शटरच्या चाकावर बसलेलं असतं, हे ज्याच्या हाताला कळलं त्याची गोरज मुहूर्ताची भीती गेली.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा एफ ४, आयएसओ ८००, १/२००. या सेटिंगला पश्चिमेचं आभाळ कॅमेऱ्याच्या उजेडाच्या मीटरपेक्षा साधारण एक स्टॉप खाली येत होतं, म्हणजे जांभळट-निळं, भरगच्च, आणि त्यापुढे नवरा-नवरी फ्लॅशमध्ये स्वच्छ. दोन-तीन अष्टकं झाली, आभाळ उतरलं, शटर १/१६० मग १/१२५ मग १/१००. अंगठ्याखालचं चाक, एक खटका म्हणजे तिसरा भाग स्टॉप, डोळा व्ह्यूफाइंडरला तसाच. मुलीकडच्या कोणा मावशींनी माइकवर स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं, ते चांगलं लांबलं, पाहुणे कुजबुजायला लागले पण मला काही घाई नव्हती, शटर १/८० वर आणलं. अंतरपाटाच्या वेळी १/५०. या सगळ्यात अ‍ॅपर्चरला हात लावला नाही, पॉवरला हात लावला नाही, आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत नवरीच्या चेहऱ्याचा उजेड तोच. आभाळही जवळपास तेच, खरं आभाळ दोन स्टॉप उतरलं तरी.

शटर खाली आणल्याचा आणखी एक फायदा झाला. मागे बॅकड्रॉपवर दोघांच्या नावाची एलईडीची अक्षरं होती, स्वस्तातली एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/२०० ला त्या अक्षरांवर काळपट पट्टे येत होते, कधी अक्षर अर्धं मंद. १/१०० आणि १/५० ला पूर्ण लुकलुक एका फ्रेममध्ये मावते, पट्टे गायब. म्हणून आता मी १/१०० पर्यंत लवकर उतरतो, आभाळ किंचित उजळ आलं तरी चालेल म्हणून.

छत्री कुठे धरायची हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या पुस्तकात मिळणार नाही कारण त्यात अंतरपाट नसतो. नेहमीचा सल्ला असा की दिवा ४५ अंशांत बाजूला ठेवा. बोहल्यावर डावीकडे ४५ अंशांत छत्री ठेवली तर काय होतं बघा: डावीकडच्या माणसाची आपल्याकडे कड असते, त्याच्यावर उजेड नीट पडतो, पण उजवीकडच्या माणसाचं तोंड आहे डावीकडे, अंतरपाटाकडे, आणि उजेड आणि त्याच्या तोंडाच्या मधे दोन माणसांनी ताणून धरलेलं पांढरं कापड. त्या चेहऱ्यावर अंतरपाटाची सावली, कपाळावर एक सरळ रेघ, वर उजेड खाली अंधार. अंतरपाट सरला की अचानक उजेड चढतो, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या दोन फ्रेमच्या मधेच एक्सपोजर बदलतं. दोन बाजूंना दोन छत्र्या लावल्या तर दोघांचीही तीच गत.

यावर उपाय एकच, दिवा अंतरपाटाच्या रेषेत आणायचा. अंतरपाटाची कड जिकडे असते त्याच सरळ रेषेत, आपल्या मागे, उंच. कापड उजेडाला आडवं न येता उभ्या कडेने येतं, त्याची सावली कोणावरच पडत नाही. इतकंच नाही, ते पांढरं कापड दोन्ही बाजूंना थोडा उजेड परत टाकतं, नवरीच्या हनुवटीखाली, नवऱ्याच्या गालावर, फुकटचा रिफ्लेक्टर. मी स्वतः ३ मीटरवर, छत्री माझ्यामागे १ मीटर, जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास. स्टँड ठेवला असता तर डिसेंबरातल्या संध्याकाळच्या वाऱ्याने छत्री उलटी करून टाकली असती आणि अक्षता टाकायला पुढे सरकणाऱ्या गर्दीने उरलेलं काम केलं असतं, म्हणून मोनोपॉड पोराच्या हातात. त्याच्या पायाखाली कार्पेटवर टेप लावून ठेवली होती, "या रेषेच्या पुढे यायचं नाही, कोणी ढकललं तरी". कारण ४ मीटरचे ३ मीटर झाले तर उजेड पावणेदोन पट होतो, पाऊण स्टॉपहून जास्त. गर्दीने त्याला दोन वेळा पुढे लोटलंच, त्या फ्रेममध्ये फेटे जरा जळले, रॉ फाइल होती म्हणून परत आले, जेपेग असती तर गेले असते.

मुहूर्ताआधी गुरुजींशी बोलून घेतलं, हे करायलाच पाहिजे.

"गुरुजी, अंतरपाट कोणत्या बाजूला ओढून घेणार तुम्ही?"

"का हो, तुम्हाला कोणती बाजू पाहिजे?"

"तुमची जी असेल ती, मला फक्त आधी कळलं म्हणजे मी आडवा येणार नाही."

गुरुजी हसले, हाताने बाजू दाखवली आणि म्हणाले, "तदेव लग्नं म्हटलं की तयार राहा, तिथून मी थांबत नाही. आणि तो दांडा होमाकडे आणू नका म्हणजे झालं." एवढी एक माहिती दहा हजारांच्या सामानापेक्षा मोलाची असते.

उंची का लागते ते नवरीच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळतं. नथ. थेट फ्लॅश समोरून, कॅमेऱ्याच्या उंचीवरून मारला की नथीची काळी धारदार सावली गालावर नाहीतर ओठावर उमटते, आणि मुंडावळ्यांच्या सरांच्या दोन्ही गालांवर रेघा. घरी बसून त्या पुसता येत नाहीत, पुसल्या तर चेहरा मेणाचा दिसतो. ४३ इंची छत्रीतून, वरून आलेल्या उजेडात ती सावली असते पण तिची कड विरलेली, नथ नथ दिसते, मोत्यांवर एक छोटा गोल चमकतो आणि डोळ्यात छत्रीचा पांढरा ठिपका येतो. याहून मोठी छत्री वाऱ्यात झेपत नाही.

आणि अक्षता! प्रत्येक "सावधान"ला चारी बाजूंनी अक्षता येतात, त्यातल्या कितीतरी आपल्याच डोक्यावरून, लेन्सच्या समोरून. कॅमेऱ्यावर फ्लॅश असेल तर उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो हा नियम उलटा अंगावर येतो. नवरा-नवरी ३ मीटरवर, तांदळाचा दाणा लेन्सपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे अंतर सहावा भाग आणि उजेड छत्तीस पट. पाच स्टॉपनी जळलेले, फोकसबाहेरचे पांढरे गोळे चेहऱ्यांवर. छत्री आपल्या मागे आणि वर असल्याने तोच दाणा छत्रीपासून पावणेदोन-दोन मीटरवर असतो, उजेड पाचेक पट, म्हणजे दोन-सव्वादोन स्टॉप. उजळ दिसतो पण दाणा म्हणून दिसतो, कुंकवाचा लाल रंग टिकतो. मागच्या बाजूला बॅकड्रॉपच्या कोपऱ्यावर उंच बांधलेला योंगनुओ १/१६ वर होता, त्याच्यामुळे हवेतल्या दाण्यांना मागून कड मिळाली, फेट्याच्या तुऱ्याला आणि नवरीच्या शेल्यालाही. चतुर्थांश पॉवरला एसबी ७०० ची चमक सेकंदाच्या अडीच-तीन हजाराव्या भागाइतकी असते, त्यात दाणे जागच्या जागी गोठतात. शटर १/५० असल्याने माळांच्या उजेडात प्रत्येक दाण्यामागे बारीक शेपूट येते, ती मागेच यावी पुढे येऊ नये म्हणून रिअर कर्टन सिंक लावला, चमक शटर बंद व्हायच्या आधी होते आणि रेघ दाण्याच्या मागे राहते.

रंगाचं बघायला लागलं ते वेगळं. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), लॉन्सवरच्या माळा पिवळ्या, लामणदिव्याची वात त्याहून पिवळी, आणि आभाळ निळं. फ्लॅश नागडा ठेवला तर माणसं पांढरी आणि मागचं सगळं नारिंगी, दोन वेगळे फोटो चिकटवल्यागत. दोन्ही फ्लॅशवर हाफ सीटीओ हा नारिंगी जेल लावला, तो फ्लॅशला ३८०० केल्व्हिनच्या जवळ आणतो, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ३९०० वर. माणसांचा रंग जागेवर आला, माळा किंचित उबदार राहिल्या, आणि आभाळ अजून गडद निळं झालं, ते बोनस. अष्टपुत्रीचा पिवळा रंग या कामात फार लवकर बिघडतो, फ्लॅश थोडा निळा असला की तो लिंबासारखा हिरवट दिसतो, घरची मोठी माणसं अल्बम बघताना पहिलं तेच बोलतात. फुल सीटीओ मी लावत नाही लॉन्सवर, त्यात आभाळ इतकं निळं होतं की खोटं वाटतं.

व्हिडिओवाल्याचा एलईडी पॅनेल होता, भलताच पांढरा, आणि तो नवऱ्याच्या बाजूने थेट. त्याला म्हटलं, "भाऊ, हा एक कागद लावतो का पॅनेलवर, दोघांचंही काम सारखं दिसेल." त्याने लगेच चिमटे काढून लावला, जरा मंदही केला. भांडण करायची गरज नसते, जादा जेलचा एक मोठा तुकडा बॅगेत ठेवायची गरज असते.

एसएलआरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. फोटो घेताना आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर त्या क्षणी काळा, त्यामुळे आपला फ्लॅश उडालेला आपल्याला त्यातून दिसतच नाही. टीटीएलमध्ये जी चमक दिसते ती आरसा वर जायच्या आधीची मोजणीची, खरी नव्हे. मॅन्युअलमध्ये तीही नाही. म्हणून पोराला सांगून ठेवलं होतं की छत्री उडाली नाही तर ओरडायचं. अंतरपाटाच्या वेळी बर्स्ट धरला नाही, डी७५० सेकंदाला साडेसहा फोटो काढतो पण फ्लॅश त्याच्यामागे धावू शकत नाही, मग एक उजेडाचा आणि तीन अंधाराचे असं होतं आणि नेमका बघण्याचा क्षण अंधारात. एक एक, मोजून: कापड हललं, एक. कापड छातीपर्यंत, एक. नजरानजर, एक, आणि पुन्हा एक. हार उचलला, एक.

आता टीटीएलला मी नावं ठेवतोय असं वाटू नये म्हणून मुहूर्ताच्या आधीचं सांगतो. मामा नवरीला हाताला धरून बोहल्याकडे घेऊन येतात, लांबून, चालत. ६ मीटरवर पहिला फोटो, २ मीटरवर शेवटचा, अंतर तिसरा भाग म्हणजे उजेड नऊ पट, तीन स्टॉपहून जास्त फरक आणि तो दहा सेकंदात. इथे मॅन्युअल लावून कोणी काही करू शकत नाही. इथे दुसरी बॉडी, फ्लॅश थेट, टीटीएल बीएल (मागच्या उजेडाशी जुळवून घेणारं टीटीएल), कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे फ्लॅश एक स्टॉप कमी, शटर १/१२५, जेल तोच. आभाळात अजून भरपूर उजेड होता, त्यामुळे फ्लॅशला फक्त डोळ्याखालच्या सावल्या उचलायच्या होत्या, थेट असूनही नथीची सावली नावालाच राहिली. एका ठिकाणी मागे पांढरा मांडव येणार हे दिसत होतं, तिथे मामांच्या चेहऱ्यावर एफव्ही लॉक करून घेतला, मग फ्रेममध्ये काहीही आलं तरी पॉवर तीच. मामा मधे थांबून म्हणाले, "थांबू का इथे?" म्हटलं, "नको मामा, चालत राहा, माझ्याकडे बघू नका." थांबलेल्या मामांचे फोटो सगळ्यांकडे असतात.

सप्तपदीपर्यंत आभाळ काळं झालं. शटर १/५० च्या खाली नेलं तर चालणारी पावलं पुसट होणार, म्हणून उलटं केलं, आयएसओ १६०० आणि पोराला सांगितलं पॉवर निम्मी कर. "दादा, १/८ केलं." चेहऱ्यावर तेवढाच उजेड, पण होमाच्या ज्वाळा, माळा, मागचे दिवे एक स्टॉप वर. होमाच्या वेळी मागचा फ्लॅश बंदच करून टाकला, धूर मागून उजळला की पांढरा पडदा होतो आणि ज्वाळेचा रंग मरतो.

सगळ्यात शेवटी कुटुंबाचे ग्रुप फोटो, आणि इथे बरेच जण छत्री जवळ आणतात उजेड वाढवायला. तीन रांगा होत्या. छत्री पहिल्या रांगेपासून २ मीटरवर असती तर दोन मीटर मागे उभ्या असलेल्या काकांना चौथा भाग उजेड मिळाला असता. ती ५ मीटरवर नेली, आयएसओ परत ८०० आणि पॉवर १/२, तर मागच्या रांगेला जवळपास निम्मा मिळतो, एक स्टॉपचा फरक, तो रॉमध्ये सहज झाकला जातो. छत्री लांब गेली की उजेड जरा कडक होतो, ग्रुपमध्ये ते चालतं, काका अंधारात गेलेले चालत नाहीत. एफ ५.६ केलं तिन्ही रांगा फोकसमध्ये यायला, पॉवर त्यासाठी अजून एक स्टॉप वर, म्हणजे पूर्ण, आणि प्रत्येक फोटोच्या मधे सगळ्यांना तीन सेकंद हसवत ठेवलं.

मंगलाष्टकांच्या सगळ्या फाइल्सना एकच एक्सपोजर आणि एकच व्हाइट बॅलन्स लागला, एका फोटोवर केलं आणि बाकीच्यांवर सिंक केलं, त्या लोटलेल्या दोन-चार फ्रेम सोडल्या तर वेगळं काही करावं लागलं नाही. डी७५० च्या डायलवर यू१ आणि यू२ असे दोन कप्पे आहेत, यू१ मध्ये बोहल्याचं सेटिंग भरून ठेवलंय, मॅन्युअल, एफ ४, आयएसओ ८००, १/२००, ३९०० केल्व्हिन, रिअर सिंक. यू२ मध्ये मामा नवरीला घेऊन येतात तेव्हाचं, दुसरी बॉडी ऐन वेळी रुसली तर हाताशी असावं म्हणून. आणि कार्पेटवर लावायची टेप आता मोनोपॉडलाच गुंडाळून ठेवतो, दांड्यावर ४ मीटरची दोरीही बांधलीय, दोरीचं टोक पाटाजवळ धरायचं आणि पोराची जागा ठरवायची.